सकाळी वावरात देव दिसला, संध्याकाळी बांधावर भांडण झालं

गिरणाकाठ
24 जून, रात्री 10:40

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम.

मृग कोरडा गेला होता. काल रात्री आर्द्राने हात दिला. दोन तास चांगला पाऊस झाला.

पहाटे साडेपाचला वावरात गेलो. आमची जमीन काळी, भारी. मे महिन्यात भेगा अशा पडतात की कोपरापर्यंत हात जातो. त्या सगळ्या मिटलेल्या. ढेकळं विरघळून लोण्यासारखी झालेली. बांधाच्या कडेला मृगाचे किडे निघाले होते, लाल मखमलीचे. वर्षभर हे जमिनीच्या पोटात असतात आणि पहिला पाऊस झाला की वर येतात. लहानपणी आम्ही ते काडेपेटीत ठेवायचो. आज पन्नाशीत खाली बसून बराच वेळ बघत राहिलो. एवढ्याशा जिवाला वर यायची वेळ कळते. त्याच्या अंगावरचं मखमल कोणी पाहो न पाहो, दरवर्षी तेवढंच तलम असतं.

मी चपला काढल्या. ठरवून काढल्या नाहीत. मोशेला जळत्या झुडपापाशी पायातले जोडे काढायला सांगितलं होतं, ते नंतर आठवलं. गुडघे टेकले. प्रार्थनेत शब्द फार नव्हते. "प्रभू, तू आहेस" एवढंच तीन-चारदा म्हणालो. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती विश्वासात आहे, उपासना कधी चुकवली नाही, पण इतकं जवळून मला क्वचितच जाणवलं असेल.

आता संध्याकाळचं सांगतो. धागा त्यासाठीच काढला आहे.

पेरणीआधी वखराची शेवटची पाळी मारून घेत होतो. शेजारचे नाना आले. वारकरी माणूस, गळ्यात माळ, माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, "भाऊ, बांध किती राहिला बघा जरा." मी म्हणालो, "नाना, तुमच्याच बाजूने कोरला गेला असेल." ते काही बोलायच्या आत मी आवाज चढवला. ट्रॅक्टरवाल्यासमोर, माझ्या मुलासमोर.

खरं मला माहीत होतं. वडील होते तेव्हा त्या बांधावरून बैलगाडी जायची. आज सायकल हातात धरून न्यावी लागते. बांध कोर असं मी ट्रॅक्टरवाल्याला कधी सांगितलं नाही. पण कोरू नको असंही कधी सांगितलं नाही. दर वर्षी नांगराचं अर्धं तास, कधी एक तास, असं 11 वर्षं चाललं.

नाना भांडले नाहीत. जाताना म्हणाले, "सकाळी तुम्हाले वावरमा हात जोडेल दखा. बरं वाटनं व्हतं." मी हात जोडलेले त्यांनी सकाळी पाहिले होते.

तेव्हापासून जेवण गेलेलं नाही. निसर्गात देव ओळखला म्हणून आपण साक्ष देतो, गीतं गातो. मग त्याच दिवशी संध्याकाळी त्याच वावरात मी असा वागलो, तर सकाळी मी नेमकं काय ओळखलं होतं? कोणी याबद्दल विचार केला असेल तर लिहा. समजूत काढू नका, खरं लिहा.


अंजन
24 जून, रात्री 11:25

भाऊ, 19व्या स्तोत्रात एक गोष्ट मला नेहमी थांबवते. आकाश देवाचा महिमा सांगतं, आणि लगेच पुढे म्हटलंय की त्याला वाचा नाही, शब्द नाहीत. तुमच्याही प्रार्थनेत सकाळी शब्द नव्हते. पण तेच स्तोत्र मध्यावर वळतं आणि आकाशावरून थेट परमेश्वराच्या नियमशास्त्रावर येतं. शेवटी तर दावीद आपले गुप्त दोष धुऊन काढायला सांगतो. सूर्य बघायला बाहेर पडलेला माणूस स्वतःच्या लपवलेल्या चुकांपाशी पोचतो. तुमचा आजचा दिवस याच क्रमाने गेला असं मला वाटलं.


पांझराकाठ
25 जून, सकाळी 6:10

भाऊ, मी 30 वर्षं पाळक म्हणून सेवा केली, आता निवृत्त आहे. तुम्ही खरं लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या 20व्या वचनात म्हटलंय की देवाचं अदृश्य सामर्थ्य आणि देवपण निर्माण केलेल्या वस्तूंवरून कळतं. हे वचन आपण निसर्गावरच्या प्रत्येक संदेशात वापरतो. पण त्याचा शेवट वाचायचं टाळतो. पौल म्हणतो, म्हणून माणसाला सबब उरत नाही. त्यांनी देवाला ओळखलं तरी देव म्हणून त्याचा गौरव केला नाही, आभार मानले नाहीत, ही त्याची पुढची तक्रार आहे. म्हणजे मखमली किडा पाहून गुडघे टेकले, तिथून जबाबदारी सुरू झाली. ज्याने पाहिलंच नाही त्याच्यापेक्षा तुमचा हिशेब कडक आहे.

दुसरी गोष्ट. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही जण निसर्गाचं कौतुक करायलाही भितात. सृष्टीची पूजा होईल, निर्माणकर्ता बाजूला राहील, अशी त्यांची भीती. ती अगदीच खोटी नाही. पण लुस्त्र गावात पौल आणि बर्णबा यांनाच देव समजून लोक बैल आणि हार घेऊन आले, तेव्हा पौलाने त्या शेतकरी लोकांना काय दाखवलं? पाऊस. देवाने आकाशातून पाऊस आणि फलदायी ऋतू दिले, अन्नाने आणि आनंदाने तुमची मनं भरली, हीच त्याची साक्ष आहे असं तो म्हणाला. पावसापासून बोलणं सुरू करायला प्रेषिताला संकोच वाटला नाही.

आता आमच्या पांझरेचं सांगतो, कारण बांधाचा आणि पाण्याचा प्रश्न एकच आहे. साक्री आणि धुळे तालुक्यांत जुनी फडपद्धत होती, काही ठिकाणी अजून थोडी आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे गट. 300 वर्षांहून जुनी व्यवस्था आहे ही. एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक. पाणी फिरवायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. मालकाने आपल्या वावराकडे स्वतः पाणी वळवायचं नाही. पाटकरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वावर भिजवत जाणार, मालक तिथे हजर असो वा नसो. पाणी कमी असलं की यंदा किती फड भिजवायचे हे सगळे मिळून ठरवायचे आणि टंचाई सगळ्यांच्या वाट्याला यायची.

मी 1990च्या सुमारास अशा एका गावी प्रार्थनेला जायचो. म्हातारा पाटकरी होता, ख्रिस्ती नव्हता. मी त्याला विचारलं, "आबा, तुमच्या सख्ख्या भावाचं वावर शेवटी आहे, कधी त्याला आधी पाणी द्यावंसं वाटलं नाही?" तो म्हणाला, "पाणी मनं नही ना." पाणी माझं नाही, एवढंच. माझ्या 30 वर्षांच्या उपदेशांत विश्वस्तपणाबद्दल याहून नेमकं वाक्य मी कधी बोललो नाही. वर धरणं झाली, वावरोवावर विहिरी आणि मोटारी झाल्या, आणि बहुतेक फड मोडले. पाणी ज्याचं त्याचं झालं.

भाऊ, जमीनही तुमची नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात देव इस्राएलला सांगतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि प्रवासी आहात. आणि अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवू नको असं स्पष्ट लिहिलंय. पूर्वजांनी घालून दिलेली खूण, असे शब्द आहेत तिथे. तुमचे वडील त्या बांधावरून गाडी न्यायचे.

नानांकडे जा. पेरणीच्या आधी जा.


गिरणाकाठ
25 जून, सकाळी 6:50

पाळकसाहेब, वाचलं. उत्तर सुचत नाही. संध्याकाळी जातो.


रंगावली
25 जून, दुपारी 2:30

मी नवापूर तालुक्यातली, मावची या आदिवासी समाजाची. आमच्याकडे विश्वास माझ्या आजीपासून आला. पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून काम करत होते, त्यांच्या शाळेमुळे आजी अक्षर शिकली.

पाळकसाहेबांनी सृष्टीच्या पूजेबद्दल लिहिलं म्हणून मला हे सांगायचं आहे. आमचे जुने लोक डोंगराला, वाघाला, धान्याची देवी कणसरीला मानायचे. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय घरात कोणी खायचं नाही. आजी ख्रिस्ती झाली तेव्हा तिला काहींनी सांगितलं की ते सगळं सोड. तिने पूजा सोडली. पण नवं धान्य आधी घरात खायचं नाही हे सोडलं नाही. पहिली भाताची लोंबी ती उपासनेत न्यायची. आज आमच्या मंडळीत पिकाच्या उपकारस्तुतीला भात, तूर, मका, भेंडी, कोंबडी, अंडी सगळं वेदीपुढे येतं आणि मग लिलाव होतो. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ही चर्चची पद्धत वाटते. मला त्यात आजीचा जुना पदर दिसतो. थांबायचं, आधी द्यायचं, मग खायचं, हे तिला मिशनने शिकवायची गरज नव्हती. कोणाचे आभार मानायचे ते नाव तिला मिळालं. आणि ते नाव मिळाल्याचा तिला इतका आनंद होता की मरेपर्यंत रोज पहाटे ती अंगणात उभी राहून मोठ्याने प्रार्थना करायची, गुरांनाही ऐकू जाईल अशी.

आता एक सध्याची गोष्ट. मार्च-एप्रिलमध्ये मोहाचं झाड फुलं गाळतं. पहाटे झाडाखाली फुलं पडतात, रसरशीत, पिवळट पांढरी. वाळलेल्या पाल्यात ती दिसत नाहीत म्हणून लोक खालचा पाला पेटवून देतात. तीच आग पुढे जंगलात जाते. सागाची, तेंदूची, चारोळीची लहान रोपं जळतात, तितराची अंडी जळतात. आमच्या महिलामंडळात तीन वर्षांपूर्वी एका बाईने प्रार्थनेच्या वेळी उभं राहून कबूल केलं की मागच्या वर्षीची आग तिच्या झाडाखालून गेली. रडली ती. आम्ही बाकीच्या गप्प होतो, कारण पाला सगळ्याच पेटवत होतो.

आता आम्ही झाडाखाली झाडू मारतो आणि जुन्या साड्या शिवून अंथरतो. फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, भावही बरा येतो. कष्ट वाढले हे खरं आहे. पाला लोटायला रात्री जावं लागतं. पण उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत मशागत करायला आणि राखायला ठेवलं, हे आम्ही शाळेपासून पाठ केलं होतं. त्यातल्या "राखायला" या शब्दाचा अर्थ मला साड्या शिवताना कळला.


केळीवाला रावेर
25 जून, रात्री 9:05

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण मला विचारायचं आहे ते कोणी बोललं नाही.

या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे वादळ झालं. वीस मिनिटं. माझी 3000 झाडं होती, घड निसवलेले, कापणीला महिना राहिलेला. सकाळी गेलो तर बाग झोपलेली. एकाच दिशेला सगळी झाडं, जशी कोणी हाताने निजवली. केळीचं झाड मोडताना पाणी गळतं, तुम्हाला माहीत असेल. सगळ्या वावरात तो वास आणि ते पाणी.

मी विश्वासी आहे, जळगावच्या मंडळीत जातो. तुमच्या मृगाच्या किड्यात देव आहे, मान्य. मग त्या वीस मिनिटांतही तोच होता का? होता म्हणालात तर मला राग येतो. नव्हता म्हणालात तर मग पावसातही नव्हता. मला वचन पाठवू नका, वचनं मला पाठ आहेत.


तापीमाय
26 जून, पहाटे 4:45

भाऊ, मी एका मिशन दवाखान्यात 19 वर्षं नर्स होते. रात्रपाळीची सवय अजून गेली नाही.

ज्या पहिल्या पावसाने गिरणाकाठच्या भावाला गुडघे टेकायला लावले, त्याच पावसाने आमचा वॉर्ड भरायचा. बिळात पाणी शिरलं की साप बाहेर येतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नसते, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं मूल झोपेत आहे. पहिल्या वर्षी मी एका आठ वर्षांच्या मुलीला श्वासाची पिशवी दाबत रात्रभर बसले होते. तिला भगताकडून आणायला उशीर झाला होता. ती वाचली नाही. तेव्हा मी बाहेर येऊन पाऊस पाहिला. इतका सुंदर पडत होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि ज्यांच्याकडे ते पटकन असतं त्यांच्यापासून मी दूर राहते. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते बरोबर होते. तोंड उघडल्यावर चुकले. आणि शेवटी देव वावटळीतूनच बोलला, पण ईयोबाला कारण दिलं नाही. रानगाढव, शहामृग, घोडा, घार यांच्याबद्दल विचारत राहिला. मला आधी हे क्रूर वाटायचं. आता वाटतं की तो ईयोबाला त्याच्या राखेतून उठवून बाहेर आणत होता. हे मला पटलेलं आहे, तुम्हाला पटवायचं नाही.

माझ्यापुरतं सांगते. त्या मुलीनंतर मी दर मे महिन्यात पाड्यावर जायला लागले. खाटेवर झोपा, खाट नसेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, चावलं की बांधू नका, कापू नका, चोखू नका, सरळ दवाखान्यात या. भगतांशीही बोलले, भांडले नाही. त्यातले दोघे नंतर स्वतः पेशंट मोटारसायकलवर बसवून आणायचे. देव त्या रात्री कुठे होता मला माहीत नाही. पण मच्छरदाणी खोचताना तो माझ्याजवळ असतो, याची मला खात्री आहे.

तुमच्या बागेत मदतीला कोणी आलं होतं का?


केळीवाला रावेर
26 जून, सकाळी 7:30

ताई, आले होते. आमच्या मंडळीतले चार जण आणि गल्लीतली तडवींची मुलं. तीन दिवस मोडलेली झाडं ओढून बांधावर टाकली. कोणी जास्त बोललं नाही. खोड गुरांना नेलं, राहिलेलं कुजवतोय. कंद जिवंत आहेत, नवे कोंब दिसतायत.

राग अजून आहे. पण तुम्ही उत्तर दिलं नाही हे बरं केलं.


धरणगावचा
26 जून, दुपारी 12:15

मी ख्रिस्ती नाही, हा धागा एका मित्राने पाठवला. एक गोष्ट सांगावीशी वाटली. आमच्या धरणगावला 1890 साली त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले, म्हणजे बालकवी. 1907 साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे त्या 16-17 वर्षांच्या मुलाला ही पदवी मिळाली. पुढे तो नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला होता, ओव्या-अभंगांच्या चालीत ते येशूची भजनं लिहीत होते, आणि फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जात. एक ख्रिस्ती, एक हिंदू. दोघांना फूल दिसलं की थांबावंसं वाटायचं. टिळकांना त्यामागे आपला ख्रिस्त दिसत होता. बालकवींना काय दिसत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण टिळकांनी त्या मुलाला घरात जागा दिली, लेकरासारखं सांभाळलं. तुम्ही सगळे फूल बघण्याबद्दल आणि वागण्याबद्दल बोलताय, म्हणून मला हे घर आठवलं.

1918 साली भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. 28 वर्षांचेही झाले नव्हते. आजही त्या बाजूने गाडीने जाताना माझा हात आपोआप जोडला जातो.


अंजन
26 जून, दुपारी 1:40

धरणगावच्या भाऊंचे आभार. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही नाव घ्यायला हवं. घरात आलेल्या प्रत्येकाच्या पानात वाढणारी ती बाई होती.


बोरीकाठची
27 जून, संध्याकाळी 5:20

बांधावरून आठवलं. आमच्याकडे भुईमूग काढून झाला की गरीब बाया सरवा, म्हणजे काढणीनंतर मागे राहिलेलं, वेचायला येतात. रूथच्या पुस्तकात हाच शब्द आहे, सरवा. रूथ ही परक्या देशातली विधवा, आणि शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं टाकत जा. देवाचा नियम कडेचं कापू नका आणि सरवा वेचू नका इतकाच होता. बवाज त्यापुढे गेला.

माझी सासू खुरप्याने एकेक शेंग उकरून घ्यायची, मग कोणाला वावरात सोडायची नाही. मीही तेच शिकले. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा बांधालगतच्या दोन ओळी तशाच ठेवल्या. सासूबाई बोलल्या मला. ज्या बाईने त्या वेचल्या तिने जाताना मूठभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या, "ताई, तुमना वाटा" म्हणून. माझ्याच वावरातल्या शेंगा तिने मला दिल्या आणि मला त्या दान मिळाल्यासारख्या वाटल्या. मी त्या भाजून सासूबाईंना दिल्या. त्यांनी खाल्ल्या.

गिरणाकाठ भाऊ, तुमचं काय झालं? गेलात का?


गिरणाकाठ
27 जून, रात्री 11:10

गेलो होतो. नाना घरी नव्हते, पंढरीच्या वारीला निघून गेले. त्यांचा मुलगा म्हणाला, आल्यावर बोलू. मी पेरणी केली, पण त्या बाजूने जागा सोडून केली. किती सोडायची ते अंदाजाने ठरवलं. आता नाना येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं जड जातंय.


पांझराकाठ
28 जून, सकाळी 6:00

थांबा. पिकालाही वेळ लागतो.


गिरणाकाठ
6 ऑक्टोबर, रात्री 9:15

धागा वर काढतोय, माफ करा. कापसाची पहिली वेचणी चालू आहे म्हणून सवड नव्हती.

नाना आषाढीनंतर आले. मी त्याच संध्याकाळी गेलो, मुलाला सोबत घेऊन, कारण त्याच्यासमोरच मी बोललो होतो. म्हणालो, "नाना, बांध मी कोरला. मला माहीत होतं." पुढे काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, वचनही काढून ठेवलं होतं. काही बोललो नाही. नानांनी प्रसादाचा डबा पुढे केला. चुरमुरे, बत्तासे. माझ्या घरात प्रसाद खाण्याबद्दल नियम आहेत, ते नानांना ठाऊक आहेत. डबा पुढे करून तेच थांबले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ, च्या करते सून." माझ्या नियमाची काळजी माझ्याआधी त्यांनी घेतली. आम्ही चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघं वावरात गेलो. कडुनिंब ते विहिरीचं जुनं थारोळं अशी दोरी लावली. नाना म्हणाले, मध्ये कुठेतरी हद्दीचा दगड असायला पाहिजे, तुमच्या आणि माझ्या बापाने मिळून पुरलेला. पहारीने चाचपत गेलो. पहार खणकन वाजली ती माझ्या वावरात, बांधापासून साडेतीन फूट आत. मी सोडलेली जागा कमी पडली होती. कपाशीची आणखी एक ओळ त्या रेषेत येत होती, वीतभर उंच झालेली. मी उपटायला वाकलो तर नानांनी मनगट धरलं. म्हणाले, "जीव से त्यामा. यंदा ऱ्हाऊ दे. कापूस तू वेच, बांध पुढल्या साली घालू."

त्या ओळीची वेचणी काल झाली. साडेसहा किलो कापूस निघाला. मी तो नानांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्यांनी परत पाठवला. मी परत नेला. शेवटी दोघांच्या संमतीने तो वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या आजीच्या गोधडीसाठी दिला. बोरीकाठच्या ताईंचा सरवा मला तेव्हा आठवला.

तो दगड आता उघडा ठेवला आहे. मुलाने धुऊन त्याला चुना लावला.

केळीवाल्या भाऊंना विचारायचं होतं, बाग कशी आहे?


केळीवाला रावेर
6 ऑक्टोबर, रात्री 10:02

कोंब छातीला लागले. तापीमाय ताईंनी मच्छरदाण्या पाठवल्या होत्या मजुरांसाठी, 12. वाटल्या.


गिरणाकाठ
6 ऑक्टोबर, रात्री 10:20

बरं वाटलं.

अजून एक. बांध पुढल्या साली होईलच, पण आता वरच्या तुकड्यात नाना आणि मी दोघं मिळून दादर ज्वारी पेरायचं म्हणतोय. नानांना जुनी दादर हवी आहे, नंदुरबारकडची, भाकरी गोड लागते ती. इथे बाजारात मिळत नाही. कोणाकडे घरचं बियाणं असेल तर सांगा, पैसे लगेच पाठवतो. घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, आठ-दहा दिवसच राहील.


रंगावली
7 ऑक्टोबर, सकाळी 5:40

शहाद्याला माझ्या नणंदेकडे आहे, गाडग्यात राख घालून ठेवलेलं. 4 किलो पुरेल का? पैसे नकोत. नानांना पहिली भाकरी आधी द्या.